लाल जोडी

सन दोन हजार चार. माघ वद्य पक्ष, महाशिवरात्रीच्या आधीचा आठवडा. गढवालात, जोशीमठच्या वर.

“मग ती लाल जोडी कुणासाठी टांगून ठेवलीया, वस्ताद?”

बिरूने हे सकाळपासून दुसऱ्यांदा विचारलं होतं.

वस्तादांनी मान वर केली नाही. मेजावर एक स्की उलटी पडली होती. तिच्या तळावर ते गरम इस्त्रीने मेण पसरत होते.

खोलीत आम्ही पाच-सहा जण होतो. बाहेर ऊन होतं. रात्री गोठलेला उतार अजून काचेसारखा कडक होता.

वस्ताद म्हणजे सुभेदार महादू शेलार. गाव जावळीतलं. अंगाने किडकिडीत, उंची बेताची. फौजेतून निवृत्त झाले आणि गावी परत गेलेच नाहीत. बर्फावर राहिले. फौजेचा स्कीचा संघ त्यांच्याच हाताखाली तयार व्हायचा.

डोंगरातल्यांनी शिकवायचं आणि खालच्यांनी शिकायचं, असं तिथे आधीपासून चालत आलं होतं. वस्तादांनी ते मोडलं. ज्यांच्या अंगणात बर्फ पडतो ती गढवाली पोरं जावळीच्या माणसाकडे शिकायला यायची. यावर अजून काही सांगायची गरज नाही.

त्यांच्या खोलीचा एक नियम होता. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर स्कीच्या जोड्या. खुंटीला हात फक्त वस्तादांनी लावायचा. ते काढून देतील ती जोडी घ्यायची. दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची आणि बाहेर पडायचं. हीच का आणि ती का नाही, असं विचारायचं नाही.

जोडी ठरवताना ते माणसाचे दंड बघत नसत. उंचीसुद्धा नंतर बघत. संध्याकाळी उतार रिकामा झाला की एकटे वर जात आणि त्या माणसाची रेघ बघत.

स्की धारेवर उभी राहिली, पायाच्या दाबाने वाकली आणि वळली, की मागे बारीक रेघ उमटते. सुताराने दोरी मारून आखावी तशी. स्की वाकलीच नाही आणि माणसाने ती नुसती ढकलून वळवली, की मागे पट्टा राहतो. अंगणात झाडू फिरवावा तसा.

ती रेघ बघून वस्ताद जोडी देत. त्यांनी दिलेल्या जोडीने माणूस मोडला, असं माझ्या देखत कधी झालं नाही.

हल्ली दुकानात चित्र बघून स्की घेतात. घेवोत.

बिरूचा पट्टा होता.

बिरदेव वाघमोडे. जतकडचा. फौजेत यायच्या आधी तालमीत वाढलेला. मान अशी, की शर्टाचं वरचं बटण कधी लागलं नाही. ऐंशी किलोचा गडी, आणि भीती ठाऊक नाही. बर्फावर येऊन दोन हिवाळे झाले होते. सरळ उताराला त्याच्या पुढे कोणी नसे. वळण आलं की मागचे पुढे निघायचे.

शिवरात्रीनंतर शर्यत होती. तीत पुढे आला तर संघात, नाही तर पलटणीत परत. गावी त्याने सांगून टाकलं होतं, की मी संघात आलो. बापाने पेढे वाटले होते. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कारण पेढे आमच्याकडेही पोस्टाने आले होते.

त्यामुळे लाल जोडी.

ती त्या वर्षीच परदेशातून आली होती. कमरेला अरुंद, पोटात धातूचे दोन पत्रे. यंत्राने दाबून कडक केलेल्या उतारावर वेगाने जाण्यासाठीच केलेली. तिला वेग द्यावा लागतो आणि वळणाच्या नेमक्या क्षणी पायातून जोर द्यावा लागतो. दिला तर तिच्यासारखी दुसरी नाही. नाही दिला तर ती सरळ जाते. पुढे झाड आहे की माणूस, ते बघत नाही.

वस्तादांनी मेणाची स्की बाजूला ठेवली.

“कुणासाठीच नाही,” ते म्हणाले. “टांगलीय.”

“टांगायला आणली काय?”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं ती माझी हाय.”

कोणीतरी हसलं. बिरू हसला नाही. वस्ताद, जरा हातात तरी द्या, एवढंच तो म्हणाला. वस्तादांनी लाल जोडी खुंटीवरून काढली आणि मेजावर ठेवली.

दोन स्की तळाला तळ लावून उभ्या धरल्या की मध्ये फट राहते. स्कीची घडणच तशी, मधे उचललेली. ती फट हाताने दाबून मिटते का, ही जुन्या लोकांची पारख. साधी स्की असेल तर एका हाताने मिटते. लाल जोडीची फट आमच्यापैकी कोणालाच मिटली नव्हती. तीन जणांनी करून पाहिलं होतं.

बिरू खिडकीपाशी गेला. फटीतून पलीकडचं ऊन दिसत होतं. त्याने दोन्ही पंजे लावले. मानेच्या शिरा वर आल्या.

फटीतलं ऊन गेलं.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. बिरूने जोडी मेजावर ठेवली आणि हात झटकले, कुस्ती मारून आखाड्यात उभं राहावं तसे.

“तालमीत मुद्गलाची जड जोडी कुणाची?” वस्तादांनी विचारलं.

“फिरवंल त्याची.”

“इथं?”

“इथंबी तसंच.”

“इथं जोडी माणसाला फिरवते, बिरू.”

बिरूची मान खाली गेली नाही.

वस्तादांनी लाल जोडी परत टांगली. शेजारच्या खुंटीवरून करडी जोडी काढली. लालपेक्षा चार बोटं आखूड, पोटात लाकूड आणि धातूचा एकच पातळ पत्रा. चांगल्या हातांनी वापरलेली. ती त्यांनी बिरूपुढे धरली.

बिरूने एक हात कमरेच्या पट्ट्यात खोवलेला होता. दुसरा त्याने पुढे केला, करडीच्या टोकाला बोट लावलं, आणि टोक वाकवून सोडून दिलं. ते थरथरलं.

“ही माझ्या बहिणीला द्या,” तो म्हणाला. “तिला जमंल.”

खोली हसली. वस्ताद हसले नाहीत, रागावलेही नाहीत. करडी त्यांनी मेजावर ठेवली.

“हातानं मिटवलीस,” ते म्हणाले. “पायानं मिटव. मग बोलू.”

“पायात दिल्याबिगर कशी मिटवू?”

“करडी आधी मिटव. तुझी रेघ मी काल पाहिली. पायातली साधी जोडीही मिटली नव्हती.”

हे त्याला लागलं. रेघेबद्दल चारचौघांत बोलायची वस्तादांची पद्धत नव्हती. बिरूचे कान लाल झाले. पलटणीत परत जायचं झालं तर बापाला काय सांगू, असं काहीतरी तो पुटपुटला. मग म्हणाला, की तुम्ही स्वतः तरी ती कधी पायात घातली का.

“नाही.”

“का?”

“माझ्या वजनाची नाही.”

“माझ्या हाय.”

“तुझ्याही नाही. तू वजनाने नाही, दांडगाईने वळतोस. करडी ते चालवून घेईल आणि शिकवेल. लाल चालवून घेणार नाही.”

एवढं लांब वस्ताद कधी बोलत नसत. आम्हाला वाटलं, विषय संपला. एकाने मेणाची इस्त्री उचलून ठेवली. दुसरा बूट घालायला लागला.

तेव्हा बिरू बोलला. आवाज चढवला नाही.

“वस्ताद, गेल्या सालच्या पौषात तुम्हाला खाली कुणी आणलं?”

सगळे जागच्या जागी थांबले.

खोटं नव्हतं. गेल्या वर्षीच्या पौषात वरच्या टोकाला वादळ आलं. वस्तादांचा गुडघा फिरला आणि ते पडले. लिफ्ट बंद, पुढचं माणूस दिसेना. ते म्हणाले, मला इथे सोडा आणि मदत घेऊन या. बिरूने ऐकलं नाही. त्यांना पाठीवर घेतलं आणि तसाच स्कीवर खाली आला. वळणं घेतली नाहीत, घेता येतही नव्हती. आडवा घसरत, थांबत, पडत, उठत. खोलीच्या दारात सपाट दगड आहे, त्यावर त्याने वस्तादांना आणून ठेवलं. त्या रात्री वर राहिले असते तर वस्ताद सकाळी मिळाले नसते.

तेव्हापासून ते किंचित लंगडत. बिरूने ही गोष्ट वर्षभरात एकदाही काढली नव्हती. आज काढली.

“तू,” वस्ताद म्हणाले. “तू आणलंस.”

“त्याचं मी कधी काय मागितलं?”

“नाही.”

“आज मागतो. लाल जोडी द्या.”

वस्तादांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“तू मागत नाहीस,” ते म्हणाले. “वसूल करतोस.”

बिरूने बोललेलं मागे घेतलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही घेतलं नसतं.

वस्ताद उठले. लाल जोडी खुंटीवरून काढली. मेजावर आडवी घालून तळाला मेण लावलं, इस्त्री फिरवली, थंड होऊ दिलं, खरवडलं. घाई केली नाही. मग पेचकस घेऊन बुटाची पकड बुटाच्या मापाला सरकवली.

बिरूचा चेहरा उजळला. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

माप बिरूच्या बुटाचं घेतलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

“चल वर,” वस्ताद म्हणाले.

“माझ्या काठ्या...”

“काठ्या नकोत. तुझी स्कीही नको. बूट घालून चल.”

मला त्यांनी माझी स्की घेऊन मागून यायला सांगितलं. खुर्च्यांच्या लिफ्टवर ते दोघे पुढच्या खुर्चीत आणि मी मागच्या. लाल जोडी वस्तादांच्या मांडीवर आडवी होती. खाली उतार पांढरा, रिकामा, वर नंदादेवीच्या अंगाला निळं आकाश.

वर उतरल्यावर वस्तादांनी लाल जोडी बर्फावर ठेवली. एक बूट ठोकून बसवला. दुसरा बसवला.

बिरू बघत राहिला.

“वस्ताद, ती मला...”

“बस पाठीवर.”

“काय?”

“बस.”

बिरू मागे सरकला. म्हणाला, की मी ऐंशी किलोचा माणूस, तुमचं वय काय, तुमचा गुडघा काय. जोडी नको मला. चला चालत खाली जाऊ. त्याच्या बोलण्यात आता मघाची मग्रुरी नव्हती. भीती होती. स्वतःसाठी मी त्याला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

“गुडघ्याला काय झालं तर...” तो म्हणाला.

“तेव्हा मीही नको म्हणालो होतो,” वस्ताद म्हणाले. “ऐकलंस?”

बिरू पुढे आला.

वस्ताद वाकले. बिरू पाठीवर बसला. वस्तादांनी त्याच्या मांड्यांखाली हात घातले, एकदा उचलून नीट बसवलं, आणि उभे राहिले. वारुळावर झाड उगवावं तसं ते दिसत होतं. खाली एवढासा माणूस, वर एवढा मोठा.

मी म्हणालो, वस्ताद, मी पुढे राहतो.

“मागे,” ते म्हणाले.

आणि सोडलं.

पहिल्या शंभर-दोनशे पावलांचा उतार सरळ आहे. तिथे लाल जोडी वेग घेते. ती घेत होती. मला वाटलं, ही आता सरळच जाणार. डावीकडे देवदाराची झाडं होती. बिरूलाही तेच वाटलं असावं, कारण त्याने डोळे मिटून घेतले होते. हे त्याने मला नंतर सांगितलं.

मग वस्ताद खाली बसले. फार नाही, इतकंच. बाहेरच्या पायावर दोघांचं वजन टेकलं.

लाल स्की वाकली.

मी पाहिलं. टोकापासून शेपटापर्यंत धनुष्यासारखी वाकली, धार बर्फात रुतली आणि ते दोघे झाडांपासून वळले. आवाज झाला नाही. खरवडल्याचा तो ओळखीचा आवाज नाही, बर्फाचा फवारा नाही. नुसती कापडातून कात्री जावी तशी सरसर.

बिरूने डोळे उघडले.

दुसरं वळण. तिसरं. वस्तादांचा श्वास मला मागे ऐकू येत होता. भाता चालावा तसा. ते कुठेही थांबले नाहीत, कुठेही आडवे घसरले नाहीत. मधल्या उभ्या कड्यापाशी बिरूचे कालचे पट्टे होते, झाडू फिरवल्यासारखे. त्या पट्ट्यांवरूनच त्यांनी वळण घेतलं. पट्ट्यावर दोन बारीक रेघा उमटल्या.

तिथे त्यांचा गुडघा हलला.

उजवा. तोच. आत झुकला, स्की क्षणभर सुटली आणि दोघे एका बाजूला कलले. मी काठ्या टाकून पुढे झेपावलो. पोचलो नसतोच.

“हलू नको,” वस्ताद म्हणाले. बिरूला म्हणाले की गुडघ्याला, ते मला कळलं नाही.

बिरू दगडासारखा झाला. दोन वर्षं वस्ताद त्याला हेच सांगत होते, की वळणात वरचं अंग शांत ठेव, खांद्याने ओढू नको. कधी जमलं नव्हतं. आता जमलं. गुडघा परत जागी आला. स्की परत वाकली.

त्यानंतर शेवटपर्यंत ते दोघे एकच माणूस असल्यासारखे उतरले. वस्ताद कलले तसा बिरू कलायचा, ते उठले तसा उठायचा. कुणी शिकवलं नाही. पाठीवरून कळत असावं.

मी कितीतरी शर्यती पाहिल्या आहेत. परदेशी लोक उतरताना पाहिले आहेत, तरणे, नावाजलेले. तसं उतरणं मी परत पाहिलं नाही. साठी ओलांडलेला माणूस, दुखरा पाय, पाठीवर पैलवान, हातात काठी नाही. आणि मागे दोन रेघा, कंपासाने आखल्यासारख्या. खाली पोरं खोलीबाहेर येऊन उभी होती. एकानेही शिट्टी मारली नाही. एका गढवाली पोराने टोपी काढली होती.

दारातल्या सपाट दगडापाशी वस्ताद थांबले. वाकले. बिरूला त्या दगडावर उतरवलं, बरोबर तिथेच.

मग त्यांनी बूट सोडवले. स्की उचलून भिंतीला टेकवल्या. उजवा पाय नीट टेकत नव्हता. कोणीतरी धरायला गेलं. त्यांनी नुसतं बघितलं आणि तो जागीच थांबला.

बिरू दगडावर बसून उताराकडे बघत होता. वरपासून खालपर्यंत त्या दोन रेघा. उन्हात त्यांच्या आतली सावली निळी दिसत होती.

“वाकली,” तो म्हणाला.

“दोघं होतो,” वस्ताद म्हणाले.

बिरू दगडावरून उठला.

वस्ताद खोलीत गेले. लाल जोडी तिच्या खुंटीवर टांगली. मेजावर करडी सकाळपासून तशीच पडली होती, तिला हात लावला नाही. मेजाला पाठ टेकून उभे राहिले. रुमालाने मानेवरचा घाम पुसला.

बिरू आत आला. दारात बूट आपटून बर्फ झाडला. आम्ही वाट सोडली. तो मेजापुढे उभा राहिला, एक हात सवयीने पट्ट्यात. भिंतीकडे त्याने पाहिलं नाही.

“तू मला खाली आणलंस,” वस्ताद म्हणाले. “मी तुला आणलं. फिटलं?”

बिरूने मान हलवली.

“फिटलं, वस्ताद.”

“काही राहिलं?”

“न्हाई.”

त्याने कमरेच्या पट्ट्यातून हात काढला. दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, तालमीत पहिल्या दिवशी करतात तसे. मान खाली होती.

वस्तादांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

“आता माग.”